डोक्याला मार लागल्यापासून वडिलांचा संताप आवरत नाही, मदत हवी आहे

नमस्कार. मी सोलापूरची. वडील ६१ वर्षांचे, तीस वर्षं यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवणारे, होते. सगळं आयुष्य त्या खडखडाटात गेलं, पण घरात त्यांचा आवाज कधी चढला नाही. मागच्या दिवाळीनंतर अक्कलकोट रोडला गाडी घसरली आणि कपाळ दुभाजकावर आपटलं. हेल्मेट नव्हतं. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या पुढच्या भागात दोन्ही बाजूंना रक्त साकळलेलं दिसलं. ऑपरेशन लागलं नाही. आता चालतात, बोलतात, हिशेब चोख करतात. पण स्वभाव बदलू शकतो, हे घरी सोडताना आम्हाला कुणीच सांगितलं नाही.

परवा चार दिवसांनी नळाला पाणी आलं. आई घागरी भरत होती, ताट वाढायला उशीर झाला. आप्पांनी शेंगाचटणीची वाटी भिंतीवर आपटली आणि आईचा दंड धरून ढकललं. तिच्या दोन बांगड्या फुटल्या. पंधरा मिनिटांनी तेच खाली बसून काचा वेचत होते. मला म्हणाले, "मला काय होतंय गं?"

नातेवाईक म्हणतात बाहेरचं काहीतरी आहे, उतरवून घ्या. मला ते पटत नाही. वाचून एवढं कळलं की मेंदूत धोक्याची घंटा अमिग्डाला हा भाग वाजवतो, हायपोथॅलॅमस हा दुसरा भाग अंगात संताप पेटवतो आणि डोळ्यांच्या वरचा, कपाळामागचा भाग त्याला आवर घालतो. आप्पांना मार नेमका तिथेच बसलाय. तेच सांगायचे, आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबला पाहिजे. थांबवणारा भाग बिघडला तर माग चालतच राहतो. मला तसंच वाटतंय. फिनिअस गेजचंही वाचलं. १८४८ मध्ये अमेरिकेत रेल्वेच्या कामावर या मुकादमाच्या गालातून शिरलेली लोखंडी पहार डोक्यातून बाहेर पडली. तो जगला, पण ओळखीचे लोक म्हणाले, हा आता तो गेज नाही. ते वाचल्यापासून झोप नाही.

न्यूरोलॉजिस्टकडे जावं की मानसोपचारतज्ज्ञाकडे? भडका उडतो त्या क्षणी काय करायचं? आणि हे कधी कमी होतं का? आई घाबरून त्यांच्यासमोर बोलतच नाही आता.

प्रतिसाद:
ताई, माझ्या भावाचंही असंच झालं होतं. आधी औषधांची चिठ्ठी काढा. फिट येऊ नये म्हणून लेव्हेटिरासिटाम चालू आहे का? त्यानं काहींची चिडचिड, आक्रमकपणा वाढतो. मात्र स्वतः बंद करू नका, एकदम थांबवलं तर फिट येऊ शकते. ती चिठ्ठी घेऊन आधी न्यूरोलॉजिस्टकडे जा, मग मानसोपचारतज्ज्ञाकडे. दोघंही लागतात. राग येतो तेव्हा वाद घालू नका, समजावू नका. सगळ्यांनी खोलीबाहेर निघायचं, आईनं आधी. झोप, भूक, उकाडा, गोंगाट यांतलं काय आधी झालं होतं ते वहीत लिहा. आणि गेजची गोष्ट तिथे संपत नाही. पुढे तो चिलीत कित्येक वर्षं घोड्यांची टपालगाडी हाकत होता. रोजचं ठरलेलं काम होतं ते.

धागाकर्ती:
चिठ्ठी पाहिली. लेव्हेटिरासिटामच आहे, दिवसातून दोनदा, आणि अपघातानंतर फिट एकदाही आलेली नाही. उद्या फोन करून वेळ घेते. आईला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. तिनं वही मागून घेतली आणि पहिल्या ओळीत लिहिलं: पाण्याचा दिवस, जेवण दोन वाजता.