व्हिमवाले ब्राम मोलेनार: फुकट वाटून माणूस जेवला कसा?

अंत्रुजकर: फर्मागुडीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सेमिनारला ब्राम मोलेनार यांचा विषय घेतलाय, व्हिम हा कोड लिहायचा फुकट एडिटर बनवणारे. कागद चाळताना बाबांनी विचारलं, "फुकट वाटलेल्या सॉफ्टवेअरवर हा माणूस जेवला कसा?" बाबा नळाची कामं करतात, त्यांना हिशेब सरळ लागतो. मला सांगता आलं नाही. जाणकारांनी मदत करावी.

डिचोलीचा सर्व्हरवाला: बाबांना आधी खरं ते सांग. ब्राम व्हिमवर जेवले नाहीत, त्यांनी नोकऱ्या केल्या. २००६ पासून २०२१ पर्यंत ते गुगलच्या झुरिक कचेरीत होते. पण व्हिम त्याच्याही कितीतरी आधीचं. बिल जॉय यांचा व्हीआय हा एडिटर युनिक्स सिस्टिमवर चालायचा, ब्राम यांच्याकडे अमिगा हा घरगुती कॉम्प्युटर. आपल्या मशीनवर तसाच एडिटर हवा म्हणून १९८८ च्या सुमारास त्यांनी स्टीव्ही नावाचा तयार कोड घेतला आणि तो सुधारत बसले. २ नोव्हेंबर १९९१ ला व्हिम लोकांच्या हाती आलं ते फ्लॉपीवरून, अमिगाची फुकट सॉफ्टवेअर फ्लॉपीवर भरून वाटणारे फ्रेड फिश, त्यांच्या ५९१ नंबरच्या डिस्कवर. तिथपासून ३ ऑगस्ट २०२३ ला वारले तोवर, जवळजवळ बत्तीस वर्षं, त्यांनी ते सोडलं नाही.

सेमिनारमध्ये तारखांपेक्षा हे दाखव. २०११ च्या जुलैत मी एका पतपेढीचा सर्व्हर सांभाळत होतो. भर पावसात लाईट गेली, यूपीएसची बॅटरी आधीच मेलेली. तासभर लिहिलेली कॉन्फिग (सेटिंगची) फाईल एकदाही सेव्ह केली नव्हती. लाईट आल्यावर 'व्हिम डॅश आर' आणि फाईलचं नाव टाईप केलं. शेवटची अर्धी ओळ सोडून सगळं परत आलं! व्हिम बाजूला एक स्वॅप फाईल ठेवतं. दर २०० अक्षरांनी, किंवा हात ४ सेकंद थांबला की त्यात लिहून घेतं. कोणीतरी लांब देशात बसून माझ्या अंधाराची आधीच काळजी केली होती, असं त्या दिवशी वाटलं. अजूनही वाटतं.

सासष्टीकरीण: दादांनी पैशांची बाजू अर्धीच सांगितली. व्हिम नुसतं उघडलं की पहिल्या पडद्यावरच युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा, अशी ओळ येते. ती जाहिरात नव्हे. ब्राम १९९४ मध्ये वर्षभर दक्षिण युगांडातल्या किबाले गावी स्वयंसेवक होते, पाणी आणि सांडपाण्याचे इंजिनिअर म्हणून. तो रकाई जिल्हा, एड्सनं पोखरलेला. व्हिमच्या मदत-पानावर आकडा आहे: साडेतीन लाख वस्तीत ६०,००० मुलांचे आई किंवा वडील, काहींचे दोघंही गेलेले. परत आल्यावर त्यांनी हेच धरलं: व्हिम आवडलं तर पैसे मला नकोत, त्या मुलांच्या शाळेला द्या. सक्ती कुणावर नाही. मी पहिल्या पगारातून थोडे पाठवले होते.

आणि २०१४ चं निओव्हिम, म्हणजे व्हिमच्याच कोडवरून काढलेला वेगळा एडिटर, गाळू नकोस. सगळा कारभार एका माणसाच्या हाती, याचा काहींना जाच होत होता, म्हणून ती वेगळी चूल मांडली गेली. माझ्या मते त्यानं व्हिमचंही भलंच झालं. ब्राम गेल्यावर ख्रिश्चन ब्राबांट यांनी काम पुढे नेलं, जानेवारी २०२४ ची ९.१ आवृत्ती ब्राम यांनाच अर्पण केलीय.

अंत्रुजकर: दोघांचे आभार. रात्री जेवताना बाबांना सगळं सांगितलं. नोकरीचं ऐकून मान हलवली. किबालेचं पाण्याचं काम ऐकल्यावर मात्र हातातला घास थांबला, "तिथं विहीर होती की डोंगरातून पाईप ओढला?" स्लाईड आता त्याचीच करतोय. कुणाला माहीत असेल तर सांगा.