संगमरवरी कबरीवरची अक्षरं पुसट झालीत, ॲसिडने धुवावं का?

नगरची नात:
आमच्या पणजीची कबर नगरला आहे. पांढऱ्या संगमरवराची शिळा, 1931 सालची, त्यावर नाव आणि पवित्र शास्त्रातलं (बायबलमधलं) एक वचन मराठीत कोरलेलं. वरचा भाग काळा पडलाय, नावाच्या ओळीवर दगडफूल चढलंय, वचन तर जेमतेम वाचता येतं. फरशी पॉलिश करणारे एक जण म्हणाले, ॲसिडने धुऊन मशीन फिरवतो, नव्यासारखी होईल. आईला ईस्टरला तिथे न्यायचं आहे. त्यांना होकार देऊ का?

चुना-दगड:
ताई, नको. आधी त्यांना थांबवा, मग पुढचं वाचा.

संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ॲसिड पडलं की तो फेसाळतो, तो फेस म्हणजे दगडच विरघळत असतो. साधं पावसाचं पाणीसुद्धा किंचित आम्लधर्मी असतं, त्यामुळे नव्वद वर्षांत अक्षरांच्या कडा आपोआप बोथट झाल्यात. पावसाने इतक्या वर्षांत जेवढं नेलं, तेवढं ॲसिड एका दुपारी नेईल. वर मशीन फिरवलं की पृष्ठभाग खाली जातो आणि उथळ अक्षरं कायमची जातात. शिळा चकचकीत होईल, पण पणजीचं नाव राहणार नाही.

नगरच्या उन्हाचाही यात वाटा आहे. संगमरवर ज्या खनिजाचा बनलेला असतो त्या कॅल्साइटचा स्फटिक तापला की एका दिशेने फुगतो आणि आडव्या दिशेने थोडा आक्रसतो. वर्षानुवर्षं हे चालू राहिलं की कणाकणातली पकड सुटते. म्हणून कोरड्या शिळेच्या कोपऱ्यावर हलकेच बोट फिरवून बघा. पिठीसाखरेसारखे कण हाताला लागले तर ब्रश लावूच नका.

कण निघत नसतील तर शिळा साध्या पाण्याने पूर्ण भिजवा, मऊ नायलॉनच्या ब्रशने खालून वर जा आणि सतत धूत राहा. वरून सुरुवात केली तर मळक्या पाण्याचे ओघळ खालच्या कोरड्या दगडात मुरतात. दगडफूल भिजून फुगलं की लाकडी पट्टीने अलगद सुटतं, न सुटेल ते राहू द्या. तारेचा ब्रश, ब्लीच, प्रेशरचं पाणी, काही नको. ब्लीचचे क्षार आत राहतात आणि सुकताना दगड आतून फोडतात.

पुणेकर_78:
ताजमहालाला पुरातत्त्व खातं मुलतानी मातीचा लेप लावतं. तोच इथे लावला तर?

चुना-दगड:
तो लेप हवेतल्या प्रदूषणाने पिवळ्या पडलेल्या संगमरवरासाठी आहे आणि खात्याचे रसायनतज्ज्ञ तो लावतात. इथे काळेपणा बहुधा बुरशी-शेवाळाचा आहे. कण सुटत असलेल्या दगडावर लेप वाळला तर काढताना कणही घेऊन येईल.

नगरची नात:
काल बघून आले. वरच्या कडेला कण हाताला लागतात, खाली नाहीत. शिळा मागे कललीय आणि बुडाशी कोणीतरी सिमेंट भरलंय. वचनातल्या काही अक्षरांत भरलेलं शिसं गळालंय, नुसती बारीक भोकं दिसतात.

चुना-दगड:
भोकं दिसताहेत हे फार चांगलं झालं! शिसं धरून राहावं म्हणून प्रत्येक अक्षरात ती पाडलेली असतात, त्यांच्या मांडणीवरून अक्षर ओळखता येतं. संध्याकाळी एका बाजूने आरशाने तिरपा उजेड टाका आणि फोटो काढा. खडू किंवा पीठ चोळू नका, पिठावर बुरशी वाढते. वचन पूर्ण लावून झालं की ते चर्चच्या दफन-नोंदवहीत लिहून घ्यायला पाळकांना सांगा. शिळेचं काहीही झालं तरी मजकूर राहिला पाहिजे, साफसफाईपेक्षा मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

ईस्टरपर्यंत फक्त खालचा भाग धुवा, वरची कड तशीच ठेवा. सिमेंट मात्र घाईने फोडू नका. ते पाणी बाहेर सोडत नाही म्हणून ओल संगमरवरातून वर चढते, पण छिन्नीच्या धक्क्याने शिळा तडकू शकते. चुन्याचं काम येणारा गवंडी शोधा, आणि शिळा सरळ करताना आत लोखंडी सळ्या असतील तर स्टेनलेस स्टीलच्या घालायला सांगा. लोखंड गंजून फुगतं आणि दगड फाटतो.

नगरची नात:
पॉलिशवाल्यांना ‘नको’ म्हणून कळवलं. फोटो शनिवारी टाकते, वचन लावायला मदत करा.