राष्ट्राध्यक्षांच्या भाषणात खासदारांनी मध्येच ओरडावं का?

टेक्सासची_सून
मंडळी, मार्च २०२५ मध्ये ट्रम्पचं काँग्रेसपुढे (म्हणजे अमेरिकेच्या संसदेपुढे) भाषण सुरू झालं आणि थोड्याच वेळात आमचे ह्यूस्टनचे खासदार अ‍ॅल ग्रीन उठले, वय ७७, हातातली काठी उगारून ओरडले की मेडिकेडला (गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेला) कात्री लावायचा जनादेश तुम्हाला मिळालेला नाही. बसायला सांगितलं तरी बसेनात म्हणून स्पीकर जॉन्सननी बाहेर काढायला लावलं, आणि दोन दिवसांत २२४ विरुद्ध १९८ मतांनी निंदा ठराव पण पास झाला, त्यात त्यांच्याच पक्षाचे १० डेमोक्रॅट त्यांच्या विरोधात गेले!! इथे नर्सिंग होममधल्या निम्म्याहून जास्त म्हाताऱ्यांचा खर्च मेडिकेडवर चालतो त्यामुळे मला ते ओरडणं मनापासून पटलं. नवरा म्हणतो सभागृहाची काही रीत असते. तुमचं मत काय?

वऱ्हाडी_माणूस
भाऊजींचं बरोबर आहे ताई. २००९ मध्ये ओबामा आरोग्य विम्यावर बोलत असताना रिपब्लिकन खासदार जो विल्सन "यू लाय" (तुम्ही खोटं बोलताय) असं ओरडला तेव्हा हेच डेमोक्रॅट चिडले होते ना, त्याच्याविरुद्ध २४० विरुद्ध १७९ ने ठराव केला होता. विल्सनने निदान त्याच रात्री माफी तरी मागितली. आपला माणूस ओरडला की हिंमत आणि त्यांचा ओरडला की उद्धटपणा, हे मला अजिबात मान्य नाही.

मीरा_मिशिगन
पण दोघं काय ओरडले ते बघा ना. हाऊसच्या (तिथल्या कनिष्ठ सभागृहाच्या) नियमांत राष्ट्राध्यक्षाच्या धोरणावर वाट्टेल तेवढी टीका चालते, त्याला खोटारडा म्हणणं चालत नाही. विल्सनने माणसावर हल्ला केला, ग्रीन धोरणावर बोलले, फक्त वेळ चुकीची होती. आणि वेळ तरी कुठली बरोबर? ब्रिटनमध्ये पंतप्रधानाला दर बुधवारी उभं राहून उत्तरं द्यावी लागतात, इथे राष्ट्राध्यक्ष सभागृहाचा सदस्यच नाही, प्रश्नोत्तराचा तास नाही, तो येतो, तासभर एकतर्फी बोलतो आणि जातो. घटनेत भाषण करायलाच हवं असंही नाही, जेफरसनपासून १९१३ पर्यंत लेखी अहवालच जायचा!

गिरगावकर
आपल्याकडचं सांगतो. मार्च २०२२ मध्ये विधानभवनात राज्यपाल कोश्यारींचं अभिभाषण होतं, शिवाजी महाराजांबद्दलच्या त्यांच्या वक्तव्यावरून सत्ताधारी आघाडीचे आमदार घोषणा देत होते आणि तिकडून भाजपवाले नवाब मलिकांच्या राजीनाम्यासाठी, राज्यपाल एकदोन मिनिटांतच भाषण आटोपून निघून गेले. महाराजांबद्दलचा राग मला समजतो, मलाही आला होता, पण ते भाषण मंत्रिमंडळाने लिहिलेलं होतं हो, म्हणजे सत्ताधाऱ्यांनी स्वतःच्याच सरकारचं वर्षाचं काम लोकांना ऐकू दिलं नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष स्वतःच्या मनचं बोलतो, म्हणून तिथे विरोध त्याच्या तोंडावर करण्यात अर्थ तरी आहे.

वऱ्हाडी_माणूस
अर्थ असेल पण फायदा कोणाला होतो? फेब्रुवारी २०२३ मध्ये बायडेन म्हणाले काही रिपब्लिकनांना सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर (म्हाताऱ्यांचं सरकारी पेन्शन आणि आरोग्य विमा) संपवायचंय, तर रिपब्लिकन खासदार ग्रीनबाई (मार्जरी टेलर) उभ्या राहून "लायर" म्हणून ओरडल्या, अख्खा बाक आरडाओरडा करायला लागला. बायडेननी तिथल्या तिथे पकडलं, म्हणजे हात लावायचा नाही यावर आपलं एकमत झालं म्हणाले, आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला उभं केलं. ओरडणाऱ्यांनीच त्यांची ती रात्र जिंकून दिली.

टेक्सासची_सून
मग तेच तर म्हणतेय मी दादा! त्या आरडाओरड्यामुळे रिपब्लिकनांना टीव्हीवर सगळ्यांसमोर कबूल करावं लागलं की म्हाताऱ्यांच्या पैशाला हात लावणार नाही. सगळे गप्प बसून ऐकत राहिले असते तर हे वदवून घेता आलं असतं का? खोटारडा वगैरे म्हणू नये हे मीराचं मला पटलं, पण मेडिकेडसारख्या गोष्टीवर एका वाक्यात ओरडून बाहेर जायची तयारी असेल तर खासदाराने ओरडावं, आणि ठराव झाला तर तो अंगावर घ्यावा. अ‍ॅल ग्रीननी घेतला, त्यांना माझा पाठिंबा आहे.