सातवी-आठवीला पेशी, आनुवंशिकता आणि द्रव्य : क्रम कोणता ठेवावा, प्रयोग कोणते घ्यावेत? (सल्ला हवा आहे)

पाटीपेन्सिल

नमस्कार. मी नंदुरबार जिल्ह्यातील एका आश्रमशाळेत सहावी ते आठवीच्या वर्गांना विज्ञान शिकवते. राज्याच्या पाठ्यक्रमात पेशीरचना सातवीला आणि द्रव्याचे संघटन आठवीला येते, तर आनुवंशिकतेची रीतसर ओळख थेट नववीत होते. आमच्याकडे मात्र सिकलसेल या तांबड्या रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची तपासणी होऊन गेली की सातवीतली मुलेसुद्धा ‘आईला काही नाही, बाबांना काही नाही, मग माझ्या भावालाच हा आजार कसा झाला?’ असे विचारतात, आणि नववीपर्यंत थांबा असे त्यांना सांगणे मला योग्य वाटत नाही. म्हणून सातवी आणि आठवीच्या मुलांसाठी, नेहमीच्या तासिकांच्या बाहेर, हे तिन्ही विषय एकत्र शिकवण्याचे ठरवले आहे.

शाळेत आरशावर चालणारा एक संयुक्त सूक्ष्मदर्शक आहे, थोड्या काचपट्ट्या आहेत, स्वतंत्र प्रयोगशाळा नाही. विचारायचे ते असे : या तीन विषयांचा क्रम काय ठेवावा, इतक्या साहित्यात खरोखर उपयोगी पडतील असे प्रयोग कोणते, आणि ज्या वर्गात काही मुले स्वतः सिकलसेलची रुग्ण किंवा वाहक (म्हणजे सिकलसेलचे एकच जनुक असलेली) आहेत, तिथे आनुवंशिकता शिकवताना काय सांभाळावे?

कणाद्रव्य

ताई, माझे मत स्पष्ट आहे : द्रव्यापासून सुरुवात करा. पेशी आधी घेतली की मुले प्रद्रव्यपटलातून (पेशीच्या पातळ आवरणातून) पाणी आत-बाहेर जाते हे वाक्य पाठ करतात, परंतु पाणी हे सतत हलणाऱ्या कणांचे बनलेले आहे ही कल्पनाच मनात नसल्यामुळे ते वाक्य त्यांच्यासाठी पोकळ राहते.

पहिल्या तासाला सुई काढलेली प्लास्टिकची सिरिंज पुरेशी आहे. तिच्यात हवा भरून तोंड बोटाने दाबून धरले तर दट्ट्या बराच आत जातो, पाणी भरले तर जवळजवळ हलत नाही. हवेत असे काय आहे की ती दबते, याचे चित्र मुलांना काढायला सांगा. निम्मी मुले हवेच्या कणांच्या मधल्या जागेतही हवाच दाखवतात. ही समजूत पुसली गेल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण कणांच्या मध्ये काहीही नाही हे मान्य करणे मोठ्यांनाही जड जाते.

दुसरा प्रयोग ५० मिली पाणी आणि ५० मिली स्पिरिट एकत्र करण्याचा. मिश्रण १०० मिलीपेक्षा कमी भरते. शुद्ध इथेनॉल असेल तर सुमारे ९६ ते ९७ मिली. वजन मात्र तेवढेच राहते, म्हणून काही सांडले किंवा उडून गेले हे स्पष्टीकरण मुलांना स्वतःच बाजूला ठेवावे लागते. (स्पिरिट ज्वालाग्राही आहे, त्या दिवशी वर्गात दिवा किंवा काडेपेटी नको.)

मूलद्रव्य आणि संयुग यांतील फरकासाठी पाण्याचे विद्युत अपघटन करा. ९ व्होल्टची बॅटरी, स्टीलच्या दोन टाचण्या आणि पाण्यात थोडा धुण्याचा सोडा एवढे साहित्य लागते. अनेक जण सोड्याऐवजी मीठ वापरतात, ते टाळा, कारण त्यातून क्लोरीन वायू निघतो. दोन परीक्षानळ्या पाण्याने भरून टाचण्यांवर उलट्या धरल्या की एकीत दुसरीच्या सुमारे दुप्पट वायू जमतो, आणि पाण्याच्या सूत्रातला २ हा आकडा कुठून आला ते मुलांना डोळ्यांनी दिसते.

हिरवीपेशी

वरील प्रतिसादातले प्रयोग उत्तम आहेत, परंतु क्रमाबद्दल माझे थोडे वेगळे म्हणणे आहे. सूक्ष्मदर्शक शाळेत असताना तो तीन आठवडे कपाटात ठेवणे मुलांवर अन्याय करणारे आहे. पहिल्याच दिवशी कांद्याचा पापुद्रा दाखवा, फक्त एकही नाव सांगू नका. जे दिसेल तेच वहीत काढायचे, एवढीच अट ठेवा. पुस्तकातली वनस्पती पेशीची आकृती आधी दाखवली तर मुले कांद्याच्या पेशीतही हिरवी हरितलवके रंगवतात, जी त्या पापुद्र्यात नसतातच. औषधाच्या दुकानातले आयोडीन पातळ करून एक थेंब टाकले की केंद्रक उठून दिसते. हरितलवके दाखवायची असतील तर हायड्रिलाचे पान घ्यावे. ते इतके पातळ असते की कापावे लागत नाही, आणि काचपट्टी थोडा वेळ उजेडात राहिली तर पेशीत हरितलवके फिरतानाही दिसू शकतात. पेशी जिवंत असते हे सांगण्यासाठी याहून चांगला पुरावा शाळेत मिळणे कठीण आहे.

आकारमानाकडे विशेष लक्ष द्या, असे मी आग्रहाने सांगेन. अणू, जनुक, पेशी, जिवाणू हे सगळे ‘डोळ्यांना न दिसणारे’ म्हणून मुलांच्या मनात एकाच मापाचे होऊन बसतात. सूक्ष्मदर्शकाच्या मंचावर पारदर्शक मोजपट्टी ठेवून दृष्टिक्षेत्र किती मिलिमीटरचे आहे ते मुलांनाच मोजू द्या, आणि त्यात कांद्याच्या किती पेशी मावतात त्यावरून एका पेशीची लांबी काढायला सांगा. ती साधारण पाव मिलिमीटरच्या आसपास येते. माणसाची तांबडी रक्तपेशी मात्र फक्त ७ ते ८ मायक्रोमीटर (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रोमीटर) रुंद असते, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये अशा सव्वाशेहून अधिक पेशी ओळीने बसतील.

पेशी म्हणजे कारखाना, केंद्रक म्हणजे व्यवस्थापक ही तुलना शक्यतो नको. ती मुलांना आवडते हे खरे, परंतु मग केंद्रक नसलेली तांबडी रक्तपेशी कामे कशी करते, या प्रश्नावर शिक्षकच अडकतो.

पेशी आणि द्रव्य जोडण्यासाठी ऱ्हिओच्या पानाची खालची जांभळी साल घ्या. हे झाड कार्यालयांच्या आणि शाळांच्या बागांत सर्रास असते. सालीवर मिठाचे दाट द्रावण टाकले की पेशीतले पाणी बाहेर जाऊन जांभळा भाग पेशीभित्तिकेपासून सुटून आत आक्रसतो, आणि लगेच साधे पाणी दिले तर बहुतेक वेळा पुन्हा पसरतो. कणाद्रव्य यांच्या सिरिंजपासून इथपर्यंतचा रस्ता मग सरळ होतो.

रक्तगट

तिसऱ्या प्रश्नावर लिहितो, कारण माझा व्यवसाय वैद्यकीय प्रयोगशाळेतला आहे. आपण ज्या भागात शिकवता तिथे सिकलसेल हा बाजूचा विषय नसून या तिन्ही विषयांना बांधणारा धागा आहे, आणि याच दृष्टीने तो घ्यावा असे मला वाटते. तांबड्या पेशीत प्राणवायू वाहून नेणारे प्रथिन म्हणजे हिमोग्लोबिन. त्याच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले (प्रथिनाचे घटक) असतात. त्यांतले सहाव्या जागेवरचे एकच बदललेले असते, ग्लुटामिक आम्लाऐवजी तिथे व्हॅलिन येते. एवढ्याने प्राणवायू कमी पडताच हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू तयार होतात, त्या तंतूंमुळे तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि मुलाचे हातपाय दुखतात. एरवी सुमारे १२० दिवस जगणारी तांबडी पेशी या आजारात १० ते २० दिवसांतच नष्ट होते, म्हणून रक्त कमी पडते. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये या आजाराला ‘रेणूचा आजार’ म्हटले, ते याचमुळे. रेणूतला बदल, पेशीचा बिघडलेला आकार आणि पालकांकडून आलेले जनुक या तीनही गोष्टी एकाच दुखण्यात सांगता येतात.

भावाबद्दलच्या प्रश्नाचे उत्तर नाण्यांनी द्या. दोन मुले दोन वाहक पालक होतील. प्रत्येकाजवळ एक नाणे, छापा म्हणजे नेहमीचे जनुक, काटा म्हणजे सिकलसेलचे. दोन्ही नाणी काटा पडली तर अपत्य रुग्ण, एकच काटा पडला तर वाहक. प्रत्येक जोडीने चार वेळा नाणी उडवून चार अपत्ये लिहावीत आणि सगळ्या जोड्यांचे निकाल फळ्यावर मांडावेत. ‘चारात एक’ याचा अर्थ चार भावंडांपैकी एक नक्की आजारी, असा गावात घेतला जातो. फळ्यावर मात्र काही कुटुंबांत एकही रुग्ण नसेल, काहींत दोन असतील. गणिताने पाहिले तर चारही अपत्ये रुग्ण नसण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के आहे. पहिल्या अपत्याला आजार झाला म्हणून दुसरे सुटले, असेही नसते. प्रत्येक वेळी नाणी नव्याने उडतात.

वाटाण्यांवरच्या प्रयोगांतून आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या ग्रेगोर मेंडेल यांचे आकडे इथेच आणावेत. १८६६ मध्ये छापलेल्या त्यांच्या निबंधात ७,३२४ वाटाण्यांपैकी ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले होते, म्हणजे प्रमाण २.९६ ला १, जवळपास चारात एक सुरकुतलेला. पुस्तके इथे थांबतात. परंतु त्याच निबंधात त्यांनी एका झाडावर ४३ गोल व फक्त २ सुरकुतलेले, तर दुसऱ्या झाडावर १४ गोल व १५ सुरकुतलेले दाणे आल्याचेही नोंदवले आहे. एक झाड म्हणजे एक कुटुंब असे म्हटले की फळ्यावरचा तक्ता आणि मेंडेल यांची वही मुलांना सारखीच वाटू लागते.

आता काळजीच्या गोष्टी. कोण रुग्ण, कोण वाहक हे वर्गात विचारू नये, आणि मुलाने स्वतःहून सांगितले तरी त्याला उदाहरण बनवू नये. घरच्यांचे रक्तगट, कानाच्या पाळ्या किंवा जीभ वळवता येणे यांचा तक्ता घरून भरून आणायला सांगू नये. त्यातून दत्तक मुले, पुनर्विवाह अशा खासगी गोष्टी उघड्यावर येतात, आणि शास्त्रीयदृष्ट्याही तो तक्ता कच्चा असतो. जीभ वळवता येणे हे एकाच जनुकाचे लक्षण आहे, असे अल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी १९४० मध्ये मांडले होते. पुढे एकसारख्या जुळ्यांतही एकाला जीभ वळवता येते आणि दुसऱ्याला येत नाही, असे आढळले. रक्तगटाचे म्हणाल तर मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये नोंदवलेला ‘बॉम्बे’ रक्तगट नेहमीच्या चाचणीत ओ असाच दिसतो, तरी त्या व्यक्तीच्या अपत्याचा गट ए किंवा बी असू शकतो. सातवीच्या तक्त्यावरून कुणाच्या आईबद्दल शंका निघावी, हे किती भयंकर आहे ते वेगळे सांगायला नको.

आणखी एक. हा आजार आईकडून येतो असा समज असेल तर तो नाण्यांच्या खेळातच मोडून काढा : रुग्ण अपत्याला एक जनुक आईकडून आणि एक वडिलांकडून, अशी दोन्ही लागतात. वाहक असणे हा दोष नाही हे सांगताना, वाहकांना तीव्र हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते आणि म्हणूनच हिवतापाच्या प्रदेशांत हे जनुक टिकून राहिले, हेही अवश्य सांगा.

पाटीपेन्सिल

सर्वांचे मनापासून आभार. कांद्याचा पापुद्रा पहिल्या दिवशी, मग द्रव्य, मग ऱ्हिओ आणि शेवटी नाणी असा क्रम ठरवते आहे. दोन शंका उरल्या आहेत. केळ्यातून डीएनए (जनुके ज्या रेणूची बनलेली असतात तो) वेगळा करण्याचा प्रयोग घ्यावा का? आणि एकच सूक्ष्मदर्शक असल्यामुळे रांग फार लांबते, तर कागदी फोल्डस्कोपचा उपयोग होईल का?

हिरवीपेशी

फोल्डस्कोप अवश्य घ्या. स्टॅनफर्डचे मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेला हा सूक्ष्मदर्शक सुमारे १४० पट मोठे दाखवतो. पापुद्रा, डबक्यातले पाणी, परागकण यांसाठी तेवढे पुरते. तो स्थिर धरायला सवय लागते, म्हणून पहिल्या तासाला अपेक्षा कमी ठेवा. तोवर मोठ्या सूक्ष्मदर्शकापुढची रांग कमी करण्यासाठी मोबाइलचा कॅमेरा नेत्रिकेवर धरून चित्र पडद्यावर दाखवता येते. चित्र काढायला मात्र प्रत्येकाने एकदा तरी स्वतः डोळा लावावा.

केळ्याचा प्रयोग घ्या, पण नाण्यांच्या नंतर. कुस्करलेले केळे, मीठ, भांडी घासायचा द्रव साबण, गाळणे आणि वरून हळूच सोडलेले थंडगार स्पिरिट, इतके पुरते. साबणाने पेशीची आणि केंद्रकाची पटले विरघळतात आणि स्पिरिटमध्ये डीएनए विरघळत नसल्यामुळे तो पांढऱ्या धाग्यांसारखा वर येतो. तो गुंता म्हणजे असंख्य रेणूंचा, काही प्रथिनेही मिसळलेला पुंजका आहे, जनुक नव्हे, हे आधीच सांगा. नाहीतर मुले त्यात पुस्तकातली पिळाची शिडी शोधत बसतात. हिवाळ्यात स्ट्रॉबेरी मिळाली तर तीच घ्या. तिच्या पेशीत गुणसूत्रांचे आठ संच असतात, त्यामुळे धागे भरपूर निघतात.

रक्तगट

स्पिरिट फ्रीजमध्ये थंड करावे लागेल. शाळेत फ्रीज नसेल तर जवळच्या आरोग्य उपकेंद्रात विचारा, पण लसी ठेवलेल्या शीतपेटीत ते ठेवू देणार नाहीत आणि ठेवूही नये. बर्फात मीठ घालून त्यात बाटली अर्धा तास बुडवून ठेवली तरी काम भागते.