आर्डुइनो उनो घेतलाय, सुरुवात कुठून करू?

फोंड्याहून: चवथीला मखरात आपणच प्रोग्राम केलेली लायटिंग लावायची म्हणून आर्डुइनो उनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाचा क्लोन (दुसऱ्या कंपनीची नक्कल) घेतला, पण कॉम्प्युटरला लावला की बोर्डावरचा दिवा नुसता पेटतो, कॉम्प्युटरवर त्याचा पोर्टच दिसत नाही. सी भाषा थोडीफार कॉलेजात केलेली. बोर्ड खराब आला काय?

डिचोलीहून: खराब नसणार. आधी केबल बदलून बघा, मोबाईल चार्जरच्या कित्येक केबलींत डेटाच्या वायरीच नसतात, माझे दोन दिवस त्यातच गेले. तरी नाही झालं तर यूएसबीच्या मागची चिप बघा, सीएच३४० लिहिलेलं असेल तर त्याचा ड्रायव्हर टाका. मग आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमधल्या उदाहरणांतला ब्लिंक हा प्रोग्राम बोर्डावर चढवा, १३ नंबर पिनचा छोटा एलईडी सेकंदा-सेकंदाला लुकलुकला की समजा जमलं. तिथे डिलेचा (थांबायच्या वेळेचा, मिलिसेकंदांत) १००० हा आकडा बदलून २०० करून बघाच, मजा येते.

पेडण्याहून: मखराचं म्हणाल तर एलईडीची पट्टी बोर्डावरून वीज घेऊन चालवू नका हां. डब्ल्यूएस२८१२ म्हणजे प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा बदलता येणाऱ्या पट्टीचा एक एलईडी पूर्ण पांढरा पेटला की ६० मिलिअँपपर्यंत खातो, म्हणजे ३० दिव्यांना जवळपास २ अँपियर. ५ व्होल्टचा वेगळा सप्लाय घ्या आणि त्याचा ग्राउंड बोर्डाच्या ग्राउंडला जोडा, हे बहुतेक जण विसरतात नि मग दिवे वेडेवाकडे पेटतात.

फोंड्याहून: केबलच होती!! ब्लिंक चालू झालं, आई पण बघायला आली. थँक्यू, आता सप्लाय बघतो.