डिस्क वाढवली, पण जागा दिसेना
एडब्ल्यूएस क्लाउडच्या कन्सोलमध्ये सर्व्हरची डिस्क २०ची ५० जीबी केली तरी 'डीएफ' (जागा दाखवणारी कमांड) २०च दाखवतंय, म्हणजे प्लॉट (डिस्क) वाढलाय, कुंपण (पार्टिशन, डिस्कचा आखलेला भाग) जुन्याच जागी आहे. काहीजण यावर रीबूट सुचवतात. क्लाउड-इनिट (सर्व्हर सुरू होताना सेटअप करणारं टूल) असेल तर रूट म्हणजे मुख्य पार्टिशन रीबूटने आपोआप वाढतंही, पण चालू साइट कशाला पाडायची? स्नॅपशॉट (डिस्कची आत्ताची प्रत) घ्या, पार्टिशन वाढवणारी 'ग्रोपार्ट' कमांड चालवा (डिस्कचं नाव आणि पार्टिशनचा आकडा यांत स्पेस हवी, नाहीतर एरर ठरलेली). मग त्यावरची फाइल सिस्टिम (फाइली ठेवायची रचना) वाढवा: ईएक्सटी४ प्रकारची असेल तर 'रिसाइझटूएफएस', एक्सएफएस असेल तर 'एक्सएफएस ग्रोएफएस'. डिस्क अगदी गच्च भरली असेल तर ग्रोपार्टला टेम्प फाइलपुरतीही जागा मिळत नाही, आधी जुने लॉग उडवा. आणि हिंजवडीतले साहेब 'सरळ ५०० करा' म्हणाले तर जरा थांबा: ईबीएस व्हॉल्यूम (एडब्ल्यूएसवरची ही डिस्क) वाढवता येतो, कमी करता येत नाही. बिल पूर्ण ५००चं येतं, वापरा नाहीतर नका वापरू.