पडलेल्या लॅपटॉपची हार्ड डिस्क आणि सोसायटीचे हिशोब : आता काय करावे?

खजिनदार, मुलुंड पूर्व

आमच्या गृहनिर्माण संस्थेचा लॅपटॉप गेल्या रविवारी व्यवस्थापक समितीच्या सभेत टेबलावरून पडला. चार्जरच्या वायरीत एका सभासदाचा पाय अडकला आणि चालू स्थितीतला लॅपटॉप थेट लादीवर आपटला. स्क्रीन शाबूत आहे, कळफलकही चालतो; परंतु तेव्हापासून विंडोज सुरू होत नाही. ठिपक्यांचे वर्तुळ बराच वेळ फिरत राहते आणि शेवटी ‘ऑटोमॅटिक रिपेअर’चा निळा पडदा येतो. मधूनच आतून टिक-टिक असा बारीक आवाज ऐकू येतो. लॅपटॉपमध्ये 1 टीबीची फिरती हार्ड डिस्क आहे, एसएसडी नाही.

टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा 31 मार्चपर्यंतचा बॅकअप संस्थेच्या कपाटातील पेन ड्राइव्हवर आहे. एप्रिलपासून जुलैअखेरपर्यंतच्या नोंदी, सभासदांची मासिक देयके, सभांच्या इतिवृत्तांचे मसुदे आणि मानीव अभिहस्तांतरणाच्या (बिल्डरच्या सहकार्याशिवाय जमीन व इमारतीची मालकी संस्थेच्या नावे करण्याच्या) अर्जासाठी स्कॅन केलेली कागदपत्रे मात्र याच डिस्कवर आहेत. वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावयाची आहे, त्यामुळे हाताशी वेळ बेताचाच आहे.

जवळच्या एका दुकानदाराने ‘चेकडिस्क (विंडोजमधील डिस्क तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम) चालवून पाहू’ असे सुचवले, तर दुसऱ्याने डिस्क उघडून आतील भाग बदलून देण्याची तयारी दाखवली. समितीत दोन्ही बाजूंनी मते पडली आहेत आणि निर्णय माझ्यावर सोपवण्यात आला आहे. यांपैकी कोणता मार्ग धरावा, आणि खर्च वॉरंटीतून किंवा विम्यातून मिळण्याची काही शक्यता आहे का, याबाबत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

हार्डवेअर दुरुस्ती, ग्रँट रोड

दोन्हींपैकी एकही मार्ग धरू नये. लॅपटॉप बंद ठेवावा आणि ‘आज चालतो का पाहू’ म्हणून तो पुन्हा सुरू करू नये, ही पहिली विनंती.

कारण असे की, फिरत्या डिस्कमध्ये वाचणारे हेड तबकडीला टेकलेले नसते. तबकडीच्या वेगामुळे तयार होणाऱ्या हवेच्या थरावर ते अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. लॅपटॉपमधील अडीच इंची डिस्कची तबकडी बहुधा काचेची असते आणि मिनिटाला साधारणपणे 5400 फेऱ्या घेते. डिस्क थांबलेली असताना हेड तबकडीच्या बाहेर एका छोट्या उतरणीवर विसावलेले असते, आणि त्या स्थितीत ती बराच मोठा धक्का सोसते. काही लॅपटॉपमध्ये पडण्याची चाहूल लागताच हेड बाजूला घेणारा संवेदक असतो. टेबलाच्या उंचीवरून जमिनीवर पोहोचायला साधारण 0.4 सेकंद लागतात आणि तेवढा अवधी त्याला पुरतो. आपल्या लॅपटॉपमध्ये तो होता की नाही हे आता महत्त्वाचे नाही, कारण आवाज येतो आहे म्हणजे कुठेतरी इजा झालेली आहे असेच धरून चालावे. हेड तबकडीवर आपटले असेल, तर चुंबकीय थर खरवडला जातो, त्याचे कण आत फिरत राहतात आणि पुढच्या फेऱ्यांत हेडखाली सापडून आणखी भाग खरवडतात. त्यामुळे आज वाचता येणारा भाग पुढच्या वेळी वाचता येईलच, याची खात्री राहत नाही.

चेकडिस्कला माझा विरोध याच कारणासाठी आहे. तो प्रोग्राम फाइल-व्यवस्था सुसंगत करण्यासाठी आहे, आपला डेटा वाचवण्यासाठी नाही. वाचता न आलेली नोंद त्याला सदोष वाटली की तो ती कापून टाकतो किंवा दुसरीकडे जोडतो, आणि हे सगळे मोडक्या डिस्कवरच लिहितो. शाबूत डिस्कवर ते योग्यच आहे. इथे मात्र जी नोंद कदाचित नंतर वाचता आली असती, तीच पुसली जाण्याचा धोका आहे. ‘ऑटोमॅटिक रिपेअर’ही आपल्याला न विचारता बऱ्याचदा हेच करू पाहते, म्हणून तो पडदा पुन्हा येऊ देऊ नये.

दुकानात डिस्क उघडण्याबद्दल तर बोलायलाच नको. धुळीचा साधा कण हेड आणि तबकडी यांमधील फटीच्या कित्येक पट मोठा असतो, त्यामुळे हे काम गाळलेल्या हवेच्या बंदिस्त कक्षातच करावे लागते. मी स्वतः लॅमिंग्टन रोडच्या परिसरात काम करतो. सुटे भाग, ॲडॉप्टर, नवी डिस्क यांसाठी ही बाजारपेठ उत्तम आहे, परंतु इथल्या प्रत्येक पाटीवर ‘डेटा रिकव्हरी’ लिहिलेले असले तरी प्रत्येक दुकानात असा कक्ष नसतो. तो दाखवा, असे विचारायला संकोच करू नये.

आता दोन गोष्टी कळवाव्यात. पडल्यानंतर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर) डिस्कचे मॉडेल आणि क्षमता बरोबर दिसली होती का? आणि टिक-टिक आवाज एकसारखा ठरावीक अंतराने येत होता, की मध्येच येऊन थांबत होता? हे पाहण्यासाठी लॅपटॉप पुन्हा सुरू करू नये, आठवेल तेवढेच सांगावे.

खजिनदार, मुलुंड पूर्व

सविस्तर उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार. आमच्या सचिवांनी सोमवारी बायोसचे छायाचित्र काढून ठेवले होते. त्यात मॉडेल आणि 1000 जीबी ही क्षमता दोन्ही दिसतात. आवाज एकसारखा नव्हता. दोन-तीनदा टिक होऊन थांबायचा आणि विंडोज पुढे सरकू लागले की पुन्हा यायचा.

जुना संगणकप्रेमी, गिरगाव

एक स्वस्त उपाय सुचवतो. डिस्कच्या खालच्या बाजूला जी हिरवी सर्किट-पट्टी असते, ती तशाच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कची बसवली की अनेकदा काम होते. माझ्या डेस्कटॉपची 40 जीबीची डिस्क याच पद्धतीने पूर्ववत सुरू झाली होती आणि त्यासाठी काही उघडावेही लागले नव्हते. पूर्वी लोक डिस्क पिशवीत बांधून फ्रीझरमध्येही ठेवत असत, परंतु तो प्रकार मी स्वतः केलेला नाही.

हार्डवेअर दुरुस्ती, ग्रँट रोड

गिरगावकरांचे म्हणणे त्या काळच्या डिस्कपुरते बरोबर आहे. अलीकडच्या डिस्कमध्ये त्या पट्टीवरील रॉम या स्मृती-चिपमध्ये त्याच डिस्कच्या हेडसाठी कारखान्यात जुळवलेली मूल्ये साठवलेली असतात. दुसऱ्या डिस्कची पट्टी नुसती स्क्रू काढून बसवली तर ती मूल्ये जुळत नाहीत आणि डिस्क वाचली जात नाही. मूळ रॉम काढून नव्या पट्टीवर बसवावा लागतो किंवा त्यातील मजकूर उतरवावा लागतो. शिवाय इथे डिस्क फिरते आहे आणि आपली ओळखही देते आहे. तेव्हा दोष पट्टीत असण्याची शक्यता फार थोडी. फ्रीझरचे मात्र नावही काढू नये. बाहेर काढताच आपल्या दमट हवेत आत दव धरते, आणि ऑगस्टमध्ये मुंबईत तर नक्कीच धरेल.

खजिनदारसाहेब, आपण सांगितलेल्या लक्षणांवरून चित्र अगदीच निराशाजनक नाही. हेड पूर्ण निकामी झाले असते, तर बहुधा डिस्कने सतत टकटक केली असती आणि तिची क्षमताही नीट दिसली नसती. डिस्क अडकली असती, तर ती फिरलीच नसती किंवा नुसता बारीक गुणगुणल्यासारखा आवाज आला असता. आपल्याकडे हेड वाचते आहे, पण काही भागावर अडखळते आहे, असे दिसते. तो भाग लहान आहे की हेडपैकी एखादेच गेले आहे, हे मात्र बाहेरून सांगता येत नाही.

अशा वेळी काम एकाच रीतीने होते: आधी संपूर्ण डिस्कची सेक्टरनिहाय (एकेका लहान कप्प्यानुसार) प्रत दुसऱ्या, तितक्याच किंवा मोठ्या डिस्कवर उतरवायची आणि नंतरचे सगळे उद्योग त्या प्रतीवर करायचे. यासाठी लिनक्सवर ‘डीडीरेस्क्यू’ नावाचा मोफत प्रोग्राम आहे. तो वाचायला कठीण भागावर हटून बसत नाही. पहिल्या फेरीत सोपा भाग उचलतो, अडलेला भाग सोडून पुढे जातो, आणि काय वाचले व काय राहिले याची नोंद एका नकाशा-फाइलीत ठेवतो. त्यामुळे मध्ये थांबावे लागले तरी वाचलेला भाग पुन्हा वाचावा लागत नाही. निरोगी डिस्क सेकंदाला 100 एमबी वेगाने वाचली तर 1 टीबीला पावणेतीन तासांच्या आसपास लागतात. जखमी डिस्क मात्र दिवसच्या दिवस घेऊ शकते. हे विंडोजवरून करू नये, कारण डिस्क जोडताच विंडोज तिच्यात डोकावू लागते आणि प्रसंगी ‘फॉरमॅट करावे का’ असेही विचारते. त्या प्रश्नाला होकार देऊन आलेली गिऱ्हाइके मी पाहिली आहेत.

घरी करावे का? डेटा गेला तरी चालेल असा असता, तर मी होय म्हटले असते. टिक-टिक ऐकू येणाऱ्या डिस्कसाठी, आणि त्यातही संस्थेच्या डेटासाठी, मी प्रयोगशाळेचाच सल्ला देईन. तिथे वाचनाचा वेळ मर्यादित करणारी, एखादे हेड बंद करून बाकीच्यांनी वाचणारी उपकरणे असतात. संपूर्ण डिस्क हवी असा आग्रह न धरता टॅलीच्या डेटाचा फोल्डर, त्यातील आकड्यांच्या नावाचा कंपनीचा (टॅलीत संस्थेच्या हिशोबाला ‘कंपनी’ म्हणतात) फोल्डर आणि स्कॅनचा फोल्डर प्रथम काढावा, असे लेखी द्यावे; कमी वाचावे लागले तर यश मिळण्याची शक्यता वाढते. हेड बदलावे लागले तर त्याच मॉडेलची दाता डिस्क (जिचे भाग काढून घ्यायचे ती) लागते आणि खर्च बहुधा पाच आकडी होतो, तेव्हा दाता डिस्कची किंमत अंदाजपत्रकात धरली आहे का, डेटा न मिळाल्यास किती आकारणार आणि मूळ डिस्क परत मिळणार का, हे आधीच विचारून घ्यावे. एक गोष्ट सहसा विसरली जाते: लॅपटॉपवर बिटलॉकर (विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे साधन) चालू असेल तर 48 अंकी रिकव्हरी की लागेल. ती बहुधा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू केला होता त्या खात्यात सापडते; ते खाते मागील समितीतील कुणाचे असेल तर त्यांना आजच दूरध्वनी करावा.

सनदी लेखापाल, दादर

तांत्रिक बाजू वर पुरेशी आली आहे. मी पैशांकडे वळतो, कारण प्रयोगशाळेला होकार देण्यापूर्वी हा हिशोब समितीपुढे असायला हवा.

साध्या वॉरंटीतून काही मिळणार नाही. ती उत्पादनातील दोषासाठी असते. पडल्यामुळे झालेले नुकसान तिच्यात येत नाही. लॅपटॉप घेताना अपघाती नुकसानीचे संरक्षण वेगळे पैसे देऊन घेतले असेल तर डिस्क बदलून मिळेल, पण डेटा नाही, आणि बदललेली जुनी डिस्क सामान्यतः कंपनी ठेवून घेते. त्यामुळे दावा करावयाचा असला तरी डेटा निघेपर्यंत जुनी डिस्क देऊ नये आणि ती आपल्याकडे ठेवण्याची सोय आहे का, हे विचारावे. संस्थेच्या इमारत-विम्यासोबत इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा विमा असेल तर मात्र पॉलिसी काढून पाहावी. त्या विम्यात उपकरणांचा एक विभाग आणि डेटा-माध्यमांचा दुसरा विभाग असतो. दुसऱ्यात डेटा पुन्हा उभा करण्याचा खर्च येतो, परंतु तो बाह्य माध्यमांसाठी असतो, म्हणून अंगभूत डिस्क त्यात बसते का याचा लेखी खुलासा मागवावा. दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी विमा कंपनीला कळवणे आवश्यक आहे. आधी दुरुस्ती आणि मग सूचना, या क्रमाने दावे फेटाळले जातात.

आता मूळ प्रश्न. आपले खरोखर किती गेले आहे? 31 मार्चपर्यंतचे टॅली पेन ड्राइव्हवर आहे. राहिले चार महिने. बँकेचे खातेउतारे बँकेतून मिळतात, देयके सभासदांना ईमेलने पाठवली असतील तर संस्थेच्या खात्याच्या ‘सेंट’मध्ये पडलेली असतील, पावत्यांची स्थळप्रत आणि खर्चाची व्हाउचरे कागदावर आहेत. मध्यम आकाराच्या संस्थेच्या चार महिन्यांच्या नोंदी एखादा सवयीचा लेखनिक थोड्या दिवसांत पुन्हा भरतो. सभेपुढे ठेवायची हिशोबपत्रके 31 मार्चअखेरची असल्याने सभाही या डिस्कसाठी अडत नाही. केवळ टॅलीसाठी पाच आकडी खर्च करण्यास मी तरी संमती देणार नाही.

अभिहस्तांतरणाच्या कागदांचे वेगळे आहे, पण तिथेही घाबरून जाऊ नये. नोंदणीकृत करारनामे आणि सूची क्रमांक 2 (नोंदणीचा गोषवारा) यांच्या प्रती दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळतात, मिळकत पत्रिका ऑनलाइन काढता येते, आणि अर्ज दाखल झाला असेल तर जिल्हा उपनिबंधकांच्या दप्तरी त्याची प्रत असणारच. ज्यांचे मूळ कागद कुठेच नाहीत आणि स्कॅन तेवढा उरला आहे, अशा कागदांची यादी करावी. ती यादी लांब असेल तर प्रयोगशाळेत जावे. चार-दोन कागदांची असेल तर डिस्क कपाटात जपून ठेवून पुढे चालावे. न वापरलेली डिस्क तशीच राहते, तिचा निर्णय सभेनंतरही घेता येईल.

डिस्क बाहेर द्यायची ठरलीच तर तिच्यावर सभासदांचे पॅन, दूरध्वनी क्रमांक आणि बँकेचे तपशील असू शकतात, हे लक्षात ठेवून गोपनीयतेचे हमीपत्र घ्यावे आणि काम संपल्यावर त्यांच्याकडील प्रत नष्ट केल्याचे लेखी घ्यावे. समितीचा ठराव इतिवृत्तात असावा, म्हणजे पुढे लेखापरीक्षणात त्या खर्चावर आक्षेप येणार नाही.

खजिनदार, मुलुंड पूर्व

आज सायंकाळी यादी करून समितीपुढे ठेवतो. एक शंका उरते: नोंदी पुन्हा भरल्यानंतर मूळ डेटाही मिळाला तर काय करावे?

सनदी लेखापाल, दादर

पुन्हा भरलेली कंपनी हीच संस्थेची वही समजावी आणि मूळ डेटा टॅलीत वेगळ्या नावाने उघडून फक्त पडताळणीसाठी वापरावा. दोन्ही एकमेकांत मिसळू नयेत. तसे केल्यास पावत्या दुहेरी चढतात आणि सभासदांच्या थकबाकीत असे फरक निघतात, जे शोधताना वर्ष जाते. नव्याने नोंदी भरताना पावती क्रमांक स्थळप्रतीवरचेच द्यावेत, प्रत्येक महिन्याअखेर बँक ताळमेळ जुळल्याशिवाय पुढचा महिना सुरू करू नये, आणि जुलैअखेरची थकबाकीची यादी शेवटच्या पाठवलेल्या देयकांशी सभासदनिहाय ताडून पाहावी.